न लागणारं दुखणं

वर्गात पाऊल टाकलं की बाई आधी पोलक्याच्या बाह्या वर सारायच्या. कोपरांच्या आतल्या घडीत लाल, खरखरीत, खाजवून रक्ताळलेली कातडी. ती अख्ख्या वर्गाला दाखवून म्हणायच्या, "इसब हाय. लागत न्हाई. बगून झालं? मंग पाढे म्हना."

लढाईच्या दिवसांत उंब्रजच्या मुलींच्या शाळेत आम्ही दोघीच शिक्षिका होतो. त्या थोरल्या, पाटणकडच्या, मी नवखी. तुम्हीही अशी एखादी बाई पाहिली असेल, जिला दुखणंसुद्धा वचकून असतं. नुसत्या इसबावर भागलं नव्हतं. जोडीला दमा, सकाळी ओळीने शिंका, डोळ्यांना खाज, आणि भाजीत शेंगदाण्याचं कूट पडलं की ओठ सुजायचे. "वडलांना दमा, आत्याला शिंका," त्या हसत सांगायच्या. "माज्या वाट्याला समदंच आलं. लाडकी व्हते न्हवं!"

मळणीचा धुरळा उडाला की त्यांची छाती शिट्टी वाजवायची. मग टेबलाला धरून, पुढे वाकून त्या कविता शिकवायच्या. दोन शब्द, एक श्वास. पहिलीच्या मुलींना वाटायचं, कविता अशीच म्हणतात.

हा महारोगच आहे, अशी कुजबुज गावात सुरू झाली आणि चार मुलींना घरच्यांनी शाळेतून काढलं. शाळा कमिटीचे अध्यक्ष स्वतः आले. "आवं बाई, तुमी रजा घ्या. पोरींना लागंल त्ये." रजा म्हणजे कायमची, हे मलाही कळलं.

बाई मोटारीने साताऱ्याला गेल्या, सरकारी डॉक्टरांचा दाखला घेऊन आल्या आणि कमिटीपुढे खणखणीत वाचला: हा रोग संसर्गजन्य नाही. मग अध्यक्षांच्या मानेवरच्या गजकर्णाकडे बोट केलं. "आनि ह्ये लागतं. डॉक्टरास्नी इचारूनच आले. तुमी कवा रजा घेताय?"

हशा पिकला. आठवड्यात चारही मुली परत आल्या.

मीही हसले होते. पण खरं सांगते, शाळेतल्या माठाला बाईंचा हात लागला की मी दिवसभर तहान मारायची. त्यांना ते ठाऊक होतं. एका शब्दाने त्यांनी मला कधी टोकलं नाही, याची आजही लाज वाटते.

पुढच्या मळणीला दम्याने डाव साधला. शाळेला निघालेल्या बाई उंबऱ्यावर बसल्या त्या उठल्याच नाहीत. शेवटची अंघोळ घालायला शेजारणी जमल्या, पण दाराशीच खोळंबल्या. कोणी पुढे होईना. मी पदर खोचला, आत गेले आणि बाईंचा हात हातात घेतला. तो खरखरीत होता, बाकी कुणाच्याही हातासारखाच.

"आगं पोरी, तुजी तरी काळजी घे," एक म्हातारी कळवळून म्हणाली. "जपून ऱ्हा जरा."

"दोन वर्षं जपूनच राहिले, मावशी," मी म्हणाले. "तांब्या द्या इकडे."