नागपंचमीचे मोमो

आमचा मोमोचा ठेला एकच दिवस तुफान चालला, आणि त्या दिवशी ठेल्यावर मोमो नव्हते.

वर्ध्यात माझं मोबाईल रिचार्जचं दुकान होतं. मग लोक आपापल्या फोनवरूनच रिचार्ज करायला लागले आणि माझ्याकडे फक्त पत्ता विचारायला यायला लागले. अल्लीपूरला माझ्या धाकट्या साळ्याचं, दिलीपचं, किराणा दुकान आहे. तो म्हणाला, "जिजाजी, या ना आमच्याकडे! गल्ल्यावर मी, पुड्या बांधाले तुम्ही!"

साळ्याच्या हाताखाली पुड्या? मी बाणेदारपणे म्हणालो, "मी ठेला टाकून राह्यलो! पोळ्यापर्यंत नाई चालला तं येतो पुड्या बांधाले!" (हा बाणेदारपणा माझ्यात कुठून येतो कोण जाणे. जातो मात्र लवकर.)

सेवाग्रामला दवाखान्याच्या रस्त्यावर बबलूचा मोमोचा ठेला होता. कॉलेजच्या पोरापोरींची तिथे ही झुंबड! मी समोरच्या टपरीवर चहा ढोसत बबलूचा कसून अभ्यास केला. त्याची छत्री लाल, मीही लाल घेतली. त्याच्या डोक्याला रुमाल, माझ्याही. त्याच्या पाटीवर 'बबलू मोमो', माझ्या पाटीवर 'डब्लू मोमो'. (माझं नाव सुधाकर आहे.) तो गिऱ्हाइकाला "बोल भाई!" म्हणायचा, म्हणून मी आरशासमोर "बोल भाई!" घोकलं. बायको आतून ओरडली, "कोनासंग बोलून राह्यले हो?"

मुहूर्तही बबलूनंच दिला. त्याच्या ठेल्यावर लिहिलं होतं, 'येत्या मंगळवारी बंद.' म्हणजे मंगळवारची सगळी गर्दी माझी! दिलीपलाही फोन केला, "डोळ्यानं पाहून जाजो!"

मंगळवारी पहाटे पत्ताकोबी समोर घेऊन चाकू उचलला, तोच मागून माय कडाडली, "सुध्या! ठेव तो चाकू!"

"काऊन?"

"आज नागपंचमी व्हय! आज चिरत नाई, वाटत नाई, तवा ठेवत नाई. नागोबाले लागते!"

"माय, मी कोबी चिरून राह्यलो, नागोबाले नाई!"

"जीभ पाय कशी चालते याची!" म्हणत तिनं चाकू, विळी आणि मिक्सरचं भांडंसुद्धा पेटीत घालून किल्ली कमरेला खोचली. मी कोबी हातानं फाडायला घेतली. तर म्हणे, "ते चिरल्यातच येते!"

बबलूनं ठेला बंद काऊन ठेवला, हे मी विचारलंच नव्हतं. त्याच्याही घरी माय होतीच की!

मी मटकन खाली बसलो. "दिलीप निघालाही असंन. आता जलमभर पुड्या बांधा लागते मले!"

मायला कीव आली. "रडू नको लेका. वाफवाले कोठी मनाई आहे?" तिनं चण्याची डाळ शिजवली, गूळ घालून पळीनं घोटली, आणि ते पुरण कणकेच्या पाऱ्यांमध्ये भरून माझ्या कोऱ्याकरकरीत मोमोपात्रात चक्क नागपंचमीचे दिंड वाफवले. वर स्वतःही ठेल्यावर आली!

पहिलाच पोरगा म्हणाला, "काका, लाल चटणी?"

"बोल भाई!" मी म्हणालो. (दुसरं काही पाठच नव्हतं.)

"चटणी कायची? तूप घे," माय म्हणाली.

"मोमोत पुरण!" पोरी खिदळल्या, फोटो काढून निघून गेल्या. रस्त्यापलीकडे दिलीप येऊन उभा होता आणि गालातल्या गालात हसत होता. धरणी फाटली असती तर मी लाल छत्रीसकट आत गेलो असतो.

एवढ्यात दवाखान्यातून एक म्हातारबा आले. वाकून पाहत म्हणाले, "दिंड व्हय का माय हे?" एक खाल्ला आणि त्यांचे डोळेच भरून आले. "बुढी भरती आहे तिकडं. म्हटलं, यंदा कायचा सण!" मायनं बुढीसाठी दोन दिंड बांधून दिले. म्हातारबांनी जाऊन वॉर्डभर सांगितलं आणि बघता बघता पेशंटच्या नातेवाइकांची ही मोठी रांग! बबलूच्या बापजन्मात लागली नसेल अशी!

दिलीप धावत आला. "बाप्पा! भल्ली गर्दी! मानलं जिजाजी!"

मी छाती फुगवून रांगेकडे वळलो, "बोल भाई!" पुढच्या माणसानं खिशात हात घातला, तशी माय कडाडली, "ठेव ते खिशात! सणाच्या दिवशी पाव्हन्याजवळून पैसे घेते का कोनी?"

रांगेनं एकसाथ मान डोलावली आणि आणखी लांब झाली.

दिलीपनं एकदा मायकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे कागदाचा तुकडा घेऊन त्यात एक दिंड गुंडाळला. "जिजाजी, पुडी अशी बांधा लागते. पाहून ठेवा."

दुसऱ्या दिवशी मी गड्डेच्या गड्डे कोबी चिरली. पण पोरं बबलूकडे परतली होती आणि दवाखान्यातले लोक "माय नाई आली का आज?" एवढंच विचारून पुढे जात होते. पोळा आला, माझा ठेला गेला.

आता अल्लीपूरला माझ्या पुड्या बऱ्या जमतात, असं दिलीप म्हणतो. यंदा त्याच्याकडे मी नागपंचमीची सुट्टी मागितली.

"काऊन?"

"बबलू घेते."

त्याची तेवढीच एक गोष्ट उचलायची राहून गेली होती!