शनिवारची टाळी

बाईंचं सगळं आयुष्य बालवाडीत गेलं, आणि बालवाडीत एक सवय हाताला लागते ती काही केल्या सुटत नाही. टाळी. पोरानं डबा संपवला, टाळी. स्वतःचं नाक स्वतः पुसलं, टाळी. निवृत्त झाल्यावरही तेच. नवऱ्यानं कधी नव्हे तो आपला चहाचा कप विसळला, तरी बाईंचे हात वर जायचे. तो बिचारा म्हणायचा, "अगं, साठी ओलांडली मी."

मधुमेहानं बाईंना पन्नाशीच्या आधीच गाठलं होतं. दवाखान्याच्या बाकावर नंबर येईपर्यंत त्या शेजारपाजारच्यांना गोळ्या कधी घ्यायच्या ते समजावत बसायच्या, आणि नवल म्हणजे लोक ऐकायचे. डॉक्टरीणबाईंनी हे बरोबर हेरलं. त्यांनी बाईंना रीतसर शिकवलं, साखर मोजायचं मशीन हातात दिलं, वाचनालयाच्या वरच्या हॉलची किल्ली मिळवून दिली, आणि दर शनिवारी सकाळी शुगरचा वर्ग भरू लागला.

वर्ग कसला, धमाल होती. चपला काढून छोट्या आरशात स्वतःचे तळवे बघायचे. इन्सुलिनची सुई आधी स्पंजात टोचून भीती घालवायची. शेवटी एकेकाचं बोट टोचून आकडा मोठ्यानं वाचायचा. आकडा चांगला आला की सगळा हॉल टाळ्या वाजवायचा. वाईट आला तर बाई रागवायच्या नाहीत. त्यांचं तोंड एवढंसं व्हायचं आणि त्या म्हणायच्या, "पुढच्या शनिवारी बघू हं." चड्डी ओली केलेल्या पोराशी बोलावं तसा तो आवाज. त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या, असं लोक जिन्यात म्हणायचे.

ड्रायव्हरकाका या वर्गाला आले ते सुनेनं ढकललं म्हणून. जन्मभर बस चालवलेली, बायको गेलेली, बोलणं मोजून मापून. पहिले काही शनिवार ते दाराजवळ बसून राहिले, आकडे सांगायची सोय नव्हती. मग एकदा आकडा आटोक्यात आला आणि हॉल दणाणला. काका कानापर्यंत लाल झाले. उतरताना बाईंना म्हणाले, "एवढ्या लोकांना वेळेवर पोचवलं हो आयुष्यभर, टाळी कुणी वाजवली नव्हती."

त्यानंतर काका पहिल्या रांगेत. दर शनिवारी आकडा चोख. "काकांकडून शिका जरा!" असं बाई सगळ्यांना ऐकवायच्या, आणि काकांपेक्षा त्यांचीच छाती फुगायची. डॉक्टरीणबाईंनी एकदा सहज टोकलं, की काकांची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी केली तर ती वर आली आहे, हे कसं? बाई ताडकन म्हणाल्या, "लॅबवाल्यांचं काहीतरी चुकलं असेल." विषय तिथेच मिटला.

आणि मग एका शनिवारी काकांना दरदरून घाम फुटला. हवा चांगली गार होती. खुर्चीत बसल्या बसल्या ते उजवा पाय जमिनीवर दाबत होते, परत परत.

"काका, काय करताय?"

"ब्रेक लागत नाहीये," काका म्हणाले.

बाईंनी लगेच काकांचं बोट टोचलं, आकडा एक्केचाळीस, सत्तरच्याही कितीतरी खाली. काकांना अजून गिळता येत होतं, म्हणून साखरेचं पाणी घोट घोट पाजलं, कुणाला तरी गाडी आणायला पिटाळलं. काका शुद्धीवर होते तरी हॉस्पिटलनं ठेवून घेतलं. गोळ्यांचा अंमल उतरेपर्यंत साखर पुन्हा कोसळू शकते, म्हणाले.

सून धावत आली. सासऱ्यांना बघून आली आणि बाईंना बाजूला घेऊन म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका, पण सांगते. शुक्रवार दुपारपासून बाबा अन्नाला शिवत नाहीत. बाकीचे दिवस मनाला येईल ते खातात. आज तर दोन दिवसांच्या गोळ्या एकदम घेतल्या. का म्हणून विचारलं, तर म्हणाले, आकडा चुकला की बाईंचं तोंड उतरतं."

घरी जाऊन बाईंनी वर्गातल्या चौघांना फोन लावले. एकीनं आढेवेढे घेत कबूल केलं. दुसरा तर हसलाच. "सगळेच करतात की, बाई. तुम्हाला माहीत नव्हतं?"

बाईंना राग आला. आधी त्यांचा, मग स्वतःचा. मेली ती टाळी! आज काका वाचले, उद्या कुणी वाचणार नाही.

"टाळी बंद कर. वर्ग कशाला बंद करतेस?" नवरा म्हणाला.

"टाळी बंद केली तरी माझं तोंड बघणारच ना ते."

पुढच्या शनिवारी बाई किल्ली परत करायच्या तयारीनंच जिना चढल्या. हॉल भरलेला होता. काकाही आले होते, पुन्हा दाराजवळ. चूक माझी आहे आणि वर्ग आजपासून बंद, एवढं सांगून बाई थांबल्या.

मग काका म्हणाले, "बाई, तुमचं बोट कधी टोचलेलं बघितलं नाही आम्ही."

"मी घरी बघते."

"आम्हीही घरीच उपाशी राहत होतो."

दोघं-तिघं फिस्कन हसले. बाईंनी खुर्ची ओढली आणि सगळ्यांसमोर बोट टोचलं. दोनशे त्रेसष्ट. मशीन बिघडलंय, हे त्यांच्या ओठांवर आलं होतं. लॅबवाले आठवले आणि त्यांनी आकडा मोठ्यानं वाचला.

"काल काय खाल्लंत?" काकांनी विचारलं. आवाजात ना राग, ना कीव.

"नातीचा वाढदिवस होता. केक. दोन तुकडे." बाई थांबल्या. "तीन. तिसरा फ्रीजसमोर उभ्यानं, यांना कळू नये म्हणून."

टाळी कुणी वाजवली नाही, पण उठून गेलंही कुणी नाही. काका पुढे आले आणि त्यांनी बोट पुढे केलं. दोनशे एकतीस. बाईंचे हात सवयीनं हलले. त्यांनी ते आवरले, काकांच्या बोटावर कापूस दाबून धरला, आणि 'पुढच्या शनिवारी बघू' हे तोंडात आलेलं गिळून टाकलं.

"आणि तुम्ही? काय खाऊन आलात?"

"पोटभर जेवून आलोय, बाई," काका म्हणाले. "शनिवारी. कितीतरी महिन्यांनी."