पेटीची खंडेनवमी

आमचे दाजी शंकरप्पा यांना आयुष्यात एकच हौस होती. सोलापुरात कुठलीही नवी वस्तू आली की ती आपल्या घरी आधी आली पाहिजे. ती चालते कशी, हे समजून घ्यायची हौस मात्र त्यांना कधीच झाली नाही.

साखर पेठेत त्यांचा चादरींचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याखाली सहा माग आणि त्यांना चिकटून मागे राहायचं घर. सगळं वडिलांनी उभं केलेलं. दाजींनी त्यावर स्वतःच्या नावाची पाटी तेवढी लावली. एकदा सोडा भरायचं यंत्र आणलं, तर बाटल्या फुटून शेजारच्या म्हाताऱ्याच्या कपाळाला खोक पडली. मग टेपरेकॉर्डर आणला आणि त्यात 'आपला धर्म आणि सुधारणा' असं स्वतःचंच भाषण भरलं. माझी थोरली बहीण शरणम्मा त्यांना दिलेली, त्यामुळे ते भाषण मला दर भेटीत ऐकावं लागायचं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. सरकारी माणसं कोंबड्या पाळा, कोंबड्या पाळा म्हणून सांगत फिरत होती. अशाच एका सभेत कुणा अधिकाऱ्यानं दाजींना 'प्रगतिशील कारखानदार' म्हटलं. झालं! महिन्याभरात पुण्याहून अंडी उबवायचं यंत्र आलं. लाकडी कपाटाएवढी पेटी, आत तारेचे ट्रे, तापायला विजेची तार, दाराला काच आणि बाजूला ट्रे कलते करायचा दांडा. दाजींनी ती मागांच्या रांगेत अगदी पुढे, रस्त्यावरून दिसेल अशी ठेवली.

आता आम्ही लिंगायत. आमच्या घरात अंड्याचं नावसुद्धा काढत नाहीत. पण दाजींकडे त्यालाही तोड होती. "आपुन खातोय थोडंच? आपुन जल्माला घालतोय," असं ते कपाळावरची विभूती सावरत सांगायचे. अंड्याला ते 'माल' म्हणायचे आणि मालाला हात कधी लावायचे नाहीत. दांडा फिरवायचा तोही दोन बोटांनी, बघणारा कुणी समोर असला तर.

अंडी लावली ती मनकर्णानं. मनकर्णा दाजींच्या कारखान्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. राहायला बुधवार पेठेत, घरात ती आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली. घरामागं तिनं पंचवीस-तीस कोंबड्या पाळल्या होत्या आणि मुलींची वह्यापुस्तकं त्यांच्या अंड्यांवर निघायची. पेटी आली पण आत घालायला काहीच नाही, तेव्हा दाजींना तिची आठवण झाली. अंडी तिची, पेटी यांची, पिल्लं निम्मी-निम्मी, असं ठरलं. ठरल्यावर दाजींनी पितृपक्ष आहे, थोडं थांबू म्हणून मोडता घातला.

"अंडी मुहूर्ताला थांबत न्हाईत, मालक. शिळी हुत्यात," मनकर्णा म्हणाली.

"बरं, लाव. पण खंडेनवमीला मी हिची रीतसर पूजा करनार," दाजी म्हणाले. त्या वाक्यात काय भरलंय ते तेव्हा कुणालाच कळलं नाही.

शंभरेक अंडी लागली. मनकर्णा कांड्या भरता भरता उठून दांडा फिरवायची, पाण्याचं ताट भरायची, तापमापक बघायची. दाजींचं काम एकच, येईल त्याला दार उघडून आत दाखवणं. सूतवाले आले, उघडा दार. पोस्टमन आला, उघडा दार. आत ऊब टिकायची कशी? माझी बहीण, म्हणजे आमची अक्का, त्यांची पाठ वळली की येऊन दार लावायची.

मग बुधवार पेठेत मानमोडी आली. माना वाकड्या करून कोंबड्या पडायला लागल्या आणि आठवड्याभरात मनकर्णाच्या दारात एकही उरली नाही. ती डोळे पुसत अक्काला म्हणाली, "अक्का, आता माजं जे काय हाय ते ह्या पेटीत हाय." दाजींना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "बघ, माझ्या मशीननं तुझा माल वाचवला." अशा वेळी एवढंच सुचणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

पिल्लं निघणार होती बरोबर दसऱ्याला. मनकर्णा बौद्ध, त्याच दिवशी त्यांचा धम्मचक्राचा दिवस, म्हणून तिला फार आनंद झाला होता. तिनं आधीच घरी बांबूचं डालगं आणून त्यात भुसा पसरला, वर बल्ब टांगायची सोय केली, मक्याचा बारीक भरडा डब्यात भरून ठेवला. अक्काला तिनं सगळं समजावलं. पिल्लू बाहेर आलं की वाळेस्तोवर पेटीतच ठेवायचं, मग डालग्यात, आणि दाण्याआधी चोच बुडवून पाणी दाखवायचं. अंड्याचं नाव न काढणारी माझी बहीण हे सगळं पाठ करून बसली होती.

खंडेनवमीला कारखान्याला सुट्टी. मनकर्णालाही दाजींनी "येऊ नको, मी हाय की" म्हणून सांगितलं. ते आहेत म्हणजेच काळजी करायला हवी, हे तिला बिचारीला कुठं ठाऊक! सकाळी सहाही माग धुतले गेले. मागांना, तराजूला, स्कूटरला हळदकुंकू लागलं, झेंडूचे हार चढले. शेवटी दाजी पेटीपाशी आले आणि त्यांनी तिचा विजेचा खटका बंद केला. पुढचं अक्कानं मला सांगितलं ते असं.

"री, आत जीव हाईत की," ती म्हणाली. 'री' ही आमच्या कानडी बायकांची नवऱ्याला हाक. "आतनं चिवचिव ऐकू येतीय."

"यंत्र ते यंत्र. माग थांबतोय तर पेटी का न्हाई? वर्षातनं एक दिवस तिलाबी इसावा लागतो की. उद्या संध्याकाळी सोनं लुटून आलो की लावतो."

"कोंबडी उठती का वर्षातनं एक दिवस?"

"तुला यंत्रातलं काय कळतंय?" म्हणून त्यांनी दार उघडलं, आत उदबत्ती फिरवली, अंड्यांपुढं पेढा ठेवला आणि लोकांना दर्शन व्हावं म्हणून दार तसंच उघडं ठेवलं. अक्कानं दार लावून पेटीवर घोंगडं टाकलं. दाजींनी ते काढलं. का, तर घोंगड्याखाली हार झाकला जात होता! तिनं संध्याकाळी पुन्हा टाकलं, त्यांनी पुन्हा काढलं. खटक्याला हात लावायची मात्र तिची हिंमत झाली नाही, कारण सोड्याच्या यंत्राला हात लावल्याबद्दल तिनं एकदा मार खाल्ला होता.

दसऱ्याला दुपारी मी आपट्याची पानं घेऊन गेलो, आणि माझ्या पाठोपाठच मनकर्णा आली. विहारातून सरळ आली होती, पांढरीशुभ्र साडी नेसून, कडेवर डालगं. हसतच तिनं पेटीच्या काचेवर हात ठेवला आणि तो तसाच राहिला. काच गार होती.

तिनं एकेक ट्रे बाहेर ओढला. एकेक अंडं उचलून कानाला लावायची आणि खाली ठेवायची. कितीतरी अंड्यांना भोक पडलं होतं, त्यातून चोच बाहेर आलेली, वाळलेली. पुढं यायला त्यांना ऊब पुरली नव्हती. अक्का उंबऱ्यात तोंडाला पदर लावून उभी होती. मनकर्णानं शेवटचा ट्रे आत सारला तेव्हा डालग्याकडे बघायचंसुद्धा तिनं टाळलं.

तेवढ्यात रेशमी झब्बा घालून दाजी बाहेर आले. "काय मनकर्णा, निघाली का पिल्लं? न्हाई? आता संध्याकाळी खटका लावला की निघतील. घे, सोनं घे," असं म्हणून त्यांनी आपट्याचं पान पुढं केलं.

तिनं पान घेतलं नाही. चोच बाहेर आलेलं एक अंडं उचललं आणि त्यांच्या उघड्या तळहातावर, त्या पानावर ठेवलं.

"पूजा तुमी केली, मालक," ती म्हणाली. "परसादबी तुमीच घ्या की."

डालगं तिथंच टाकून ती निघून गेली. ती या कारखान्यात पुन्हा पाऊल ठेवणार नाही हे मला कळलं, अक्कालाही कळलं. दाजींचं सगळं लक्ष हातातल्या अंड्याकडे होतं. हात लांब धरून ते तसेच मोरीपर्यंत गेले, अंडं कडेला ठेवलं आणि ओरडले, "शरणे, पाणी तापव! इटाळ झाला, डोक्यावरनं आंगूळ कराय पायजे!"

शंभर जीव गारठवून मारले त्याचा विटाळ या माणसाला झाला नव्हता. टरफल तळहाताला लागलं, त्याचा झाला. आणि आपल्या धर्मात विटाळ मानत नाहीत, हे टेपरेकॉर्डरवरच्या त्याच भाषणात मी याच आवाजात निदान दहा वेळा ऐकलं असेल.

बंब मोरीच्या कोपऱ्यात होता. सकाळी घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी त्याच्याच पाण्यावर झाल्या होत्या. अक्का पेटीपाशी गेली, तिचा झेंडूचा हार काढला आणि आणून बंबाच्या गळ्यात घातला.

"आज ह्याची पूजा हाय," ती म्हणाली. "वर्षातनं एक दिवस ह्यालाबी इसावा लागतो की."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी आपट्याची पानं निवडत बसलो. मग मोरीत शिरून त्यांनी गार पाण्याचा पहिला तांब्या अंगावर घेतला तसे ते मोठ्यानं ओरडले, आणि अक्कानं बाहेरून मोरीचं दार ओढून घेतलं.