उपकेंद्रातली पाठांतरं

उपकेंद्रातल्या नोकरीत अकरा वर्षं झाली. एवढ्या काळात नाना तऱ्हेची रजिस्टरं भरली. गरोदर मातांचं, लसीकरणाचं, तापाचं, पाण्याच्या नमुन्यांचं. पण किश्शांना कुठल्याच रजिस्टरात रकाना नाही. ते तोंडातच साठतात, आणि आम्ही चहाला बसलो की एकीचा संपायच्या आत दुसरीचा निघतो.

डोळखांबच्या वर, डोंगराच्या अंगाला आमचं उपकेंद्र. दोन खोल्या आणि एक ओटा. मी तिथली नर्स. सगळे सिस्टर म्हणतात. दर महिन्याला पाड्यांवरच्या आशाताईंची मीटिंग होते आणि मी त्यांच्याकडून पाठांतर करून घेते. पावसाळ्यात इथे मोबाइलला रेंज नसते, कधी रस्ताही नसतो. तेव्हा डोक्यात राहिलेलं असतं तेवढंच कामाला येतं.

*

सगळ्यात पक्कं पाठांतर कमलताईचं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. जुलाबावरचं हे पाणी तिने नवऱ्याकडूनही घोटून घेतलं. काशिनाथ वैतागायचा.

"आशा तू हायेस का मी?"

"मलाच जुलाब लागलं तर?"

लावणीच्या दिवसांत नेमकं तेच झालं. कमलताईला उठवेना. काशिनाथने चमचे मोजून पाणी केलं. ती म्हणाली, "आधी चाखून बघ. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट नको."

"आता डोळ्यांतल्या पाण्याची चव मला कशी ठाव?"

ती पडल्या पडल्याच म्हणाली, "वीस वर्षं माझ्यासंगं संसार केलास, आनि एकदा पन रडला नायस?"

दुसऱ्या दिवशी ती उठून बसली. काशिनाथ आता पाड्यातल्या बाप्यांना ती कृती सांगतो, चवीसकट.

*

हा किस्सा मला सांगायला आवडत नाही, पण सांगते. आमच्याकडची बरीच कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर कामाला जातात. परत येतात तेव्हा बाळांची लसीची कार्डं हरवलेली असतात. "मागचं इंजेक्शन कधी दिलं?" असं विचारलं की आई म्हणते, "नाचणी कापली तवा."

माझ्या आधीच्या सिस्टरना प्रत्येक घराचं तोंडपाठ होतं. त्यांची बदली झाली आणि ते सगळं त्यांच्यासोबत गेलं. पहिलं वर्ष मी नुसती चाचपडले. एका बाळाची गोवराची लस राहिली आणि त्याला गोवर आला. बाळ वाचलं. पण ते बरं होईपर्यंत मी धड जेवले नाही.

मग कमलताईला घेऊन बसले. भिंतीवर मोठा कागद लावला. एका बाजूला तारखा आणि त्यांच्यासमोर त्या दिवसांत शेतात काय चालू असतं ते. प्रत्येक कार्डाची एक नक्कलही केंद्रातच ठेवायला लागलो.

वरचे साहेब तपासणीला आले. चष्मा वर करून त्यांनी कागद वाचला. "हे 'उडीद झोडणी' काय आहे?"

कमलताई म्हणाली, "तारीख हाय, साहेब."

साहेबांनी मोबाइल काढला आणि त्या कागदाचा फोटो घेतला.

*

पेशंट नेणाऱ्या आमच्या गाडीचे जुने ड्रायव्हर तुकाराममामा रिटायर झाले. शेवटचा आठवडा ते नव्या ड्रायव्हरच्या, निलेशच्या शेजारी बसून फिरले. ओढ्यावरच्या एका मोरीजवळ म्हणाले, "हा पांढरा दगड बघून ठेव. पावसात हा दिसला नाय, की मागं फिर. इचार करत बसू नको."

पुढच्याच पावसाळ्यात निलेश एका अडलेल्या बाईला घेऊन निघाला. भरदुपार होती. मोरीशी आला, तर दगड दिसेना. त्याने गाडी वळवली. बाईची सासू मागून ओरडली, "येडा झालास काय रे? सून कळा देते नि तू फिरवत बसलास?"

किन्हवलीच्या लांबच्या रस्त्याने निलेशने गाडी दवाखान्यात पोचवली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. संध्याकाळी कळलं, मोरीचा अर्धा भाग वाहून गेला होता.

निलेशने दगडाचं सांगितलं, तेव्हा सासूने मामांचा नंबर मिळवून फोन केला. मामा म्हणाले, "मी काय केलं गो बाय? मी तर घरात डाळभात खात व्हतो."

फोन ठेवला आणि त्यांनी लगेच निलेशला लावला. "अरे, दुसऱ्या मोरीचं सांगायचं राहिलंय. उद्या येतो."

*

आणि ही हिराबाई. ती आशा नव्हे, कोणी नव्हे. शेळ्या घेऊन यायची आणि आमची मीटिंग चालू असली की ओट्यावर सावलीला टेकायची. बहुतेक वेळा डोळे मिटलेले.

भातकापणीत तिच्या पायाला साप चावला. शेतात एकच गलका झाला. दीर दोरी घेऊन धावला, जाऊ रडायला लागली. हिराबाई बांधावर बसली आणि म्हणाली, "कोनी काय बांधायचं नाय. कापायचं पन नाय. आधी माझी जोडवी काढा, मग रडा."

दीर म्हणाला, "चल, उठ, रस्त्यावर जाऊ."

"मी चालनार नाय. झोळी करा."

बांबूला चादर बांधून चौघांनी तिला खाली आणलं. निरोप मिळाल्यामुळे मी गाडी घेऊन रस्त्यावर उभी होते. "किती वाजता चावला?" विचारलं.

"अकराची एसटी गेली तवा." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सिस्टर, इंजेक्शन कुठं हाय ते फोन करून इचारलंत का?"

मी विचारलं नव्हतं. घाईत राहूनच गेलं होतं. तिथूनच फोन लावला. जवळच्या दवाखान्यातलं संपलेलं. गाडी सरळ शहापूरला नेली. तिकडे होतं.

पाच दिवसांनी ती घरी आली. पुढच्या मीटिंगला मी मुद्दाम पुन्हा सर्पदंशच घेतला. घाबरू नका, पाय हलवू नका, दोरी बांधू नका, दागिने काढा, इंजेक्शन कुठे आहे ते आधी विचारा. सगळ्यांनी माझ्यामागून म्हटलं. मी वही मिटली.

ओट्यावरून आवाज आला, "सिस्टर, एक राहिलं."

"काय गं?"

"जोडवी निघत नाय. साबन लागतो."