माठाखालची सहा अंडी

लग्नाला अजून वर्ष व्हायचंय. अहमदपूरला माहेरी गेले की मैत्रिणी सासरचे किस्से विचारतात. त्यांच्याकडे सासूचे, नणंदेचे असतात. माझ्याकडे कासवाचे साठलेत. काय करणार, घरच तसं मिळालं!

*

मुखेडजवळ तळ्याकाठी आमचं शेत. पाइपलाइनसाठी चर खणताना मामंजींची, म्हणजे सासऱ्यांची, कुदळ कासवाच्या घरट्यावर पडली. आठ अंडी होती, दोन फुटली. मामंजी थांबले ते थांबलेच. फॉरेस्टचा गार्ड येऊन बघून गेला. चर तर तिथूनच जाणार होता. म्हणून म्हणाला, घरी ओल्या वाळूत ठेवा, पिल्लं निघाली की कळवा, याच तळ्यात सोडू.

घरी येऊन मामंजी आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, एवढंच म्हणाले, "एक तरी जगलं पायजे."

*

मामंजी माझ्याशी बोलत नाहीत. राग नाही, रीतच तशी. स्वयंपाकघरात यायचं तर आधी दारात खोकतात. मी पदर सावरून बाजूला होते, मग ते आत. मला काही सांगायचं असलं तर आत्याबाईंना सांगतात. मी शेजारीच उभी असले तरी!

अंड्यांचा डबा नेमका स्वयंपाकघरात. मामंजींना दिवसातून दहा वेळा खोकला यायला लागला. शेजारच्या काकूंनी शेवटी काढा पाठवला.

*

आमच्याकडच्या उन्हाळ्यात अंडी उबवायला काही करावं लागत नाही, वाचवावी लागतात. म्हणून डबा माठाखाली, गारव्याला. तरी वाळूत खोचलेला थर्मामीटर चढायला लागला, तेव्हा मामंजींनी खोकून आत्याबाईंना विचारलं, "कूलर किती हायत घरात?"

एकच होता. आमच्या खोलीतला, माझ्या भावानं लग्नात दिलेला. ह्यांनी तो निमूटपणे उचलून माठासमोर आणून ठेवला.

*

गार्डनं बजावलं होतं, अंडी फिरवायची नाहीत, वरची बाजू वरच राहू द्या, नाहीतर पिल्लू आतच मरतं. खूण करून ठेवा. पेन्सिलीची खूण वाळूत दिसेना. मग मी माझं टिकल्यांचं पाकीट काढलं. सहाही अंड्यांना लाल टिकली.

काही दिवसांनी बघते तर दोनच टिकल्या. चार अंडी उलटी!

"कोंबडी रोज फिरवती की," आत्याबाई म्हणाल्या. "तुमी नुसतं बघून राहिले."

ह्यांनी गार्डला फोन लावला. तो म्हणाला, हळूच सरळ करा आणि वाट बघा. त्या दिवशी मामंजी खोकले नाहीत. ओसरीवरच बसून राहिले.

आत्याबाईंनी पुन्हा डब्याला हात लावला नाही. पण सकाळी माठ भरला की हात जोडायला लागल्या. माठाला की डब्याला, मी विचारलं नाही.

*

दोन महिने गेले. भर दुपार. हे ऑफिसात, आत्याबाई काकूंकडे शेवया करायला. मी भाकरीचं पीठ मळत होते. डब्यातली वाळू हलली. एका टिकलीशेजारी भोक पडलं होतं आणि त्यातून इवलंसं नाक.

मामंजी ओसरीवर. निरोप न्यायला घरात कुणीच नाही.

"मामंजी, फुटलं!"

ते न खोकताच आत आले. माझे हात पिठाचे, पदर सावरायचा राहिला. मामंजी तिथंच, माझ्या शेजारी खाली बसले.

"जित्तं हाय का?"

"हाव. नाक हलवून राहिलंय."

"आन् हे बघ. हे दुसरं बी हालतंय."

"मामंजी, ते उलटं झालेल्यातलं हाय."

मामंजी हसले. मग तिसऱ्याकडे बघत राहिलो, मग चौथ्याकडे. डब्यावर वाकून किती वेळ बोलत बसलो, कुणास ठाऊक.

तेवढ्यात दारात कुणीतरी खोकलं.

आत्याबाई उभ्या होत्या.