चेटकीण मेलेली दाखव तिला

भर दुपारी क्रांती चौकात सिग्नलला थांबलो होतो, तेव्हा सईचा फोन आला. "बाबा, आजी गेली. मी जवळच होते. आई पण आहे. तुम्ही सावकाश या, घाई करू नका." सई अकरा वर्षांची आणि मी पन्नाशीला टेकलेला. तिचा आवाज दाटलेला, पण सरळ होता. माझा असा काही फुटला की शेजारच्या रिक्षावाल्यानं गाडी कडेला घ्यायला लावून मला आधी पाणी पाजलं. आज महिना होऊन गेला, पण त्या फोनवर बाप कोण आणि लेक कोण, हे त्या रिक्षावाल्याला विचारलं तर तो चुकीचंच सांगेल.

सईची आजी म्हणजे माझी नलूआत्या. पाचोडला तिनं तीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळला आणि निवृत्तीनंतर आमच्याकडे गारखेड्याला राहायला आली. लग्न केलं नाही, पण मला वाढवायचं काम तिच्याच वाट्याला आलं, आणि ते तिनं कधी पूर्ण झालं असं मानलं नाही…

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारी दुपारी सईला मुलांचा सिनेमा लावून द्यायचा, हे घरातलं माझं एकमेव बिनचूक काम. एका सिनेमात विहिरीत राहणारी चेटकीण होती. ती मुलांना पोत्यात घालून न्यायची. लहान मुलांच्या सिनेमात इतकं भेसूर कशाला घालतात, असं पुटपुटत मी रिमोट घेऊन दबा धरून बसलो. विहिरीतून तिचे केस वर आले की दाबलंच बटण, की थेट पुढचं गाणं. आपण किती जागरूक पालक आहोत, असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर ते मलाच बघवत नव्हतं. त्या आठवड्यापासून सई एकटी बाथरूममध्ये जाईना. पाण्याच्या पिंपाजवळून जायचं तर भिंतीला चिकटून चालायची. बायकोनं मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. मी सिनेमे बंद केले, ते बनवणाऱ्यांना येताजाता शिव्या घातल्या. महिना गेला, फरक शून्य.

शेवटी आत्या पिंपाशेजारी फतकल मारून सईशी बराच वेळ बोलली आणि उठून तरातरा माझ्याकडे आली.

"दिग्या, ती चेटकीण मेली का रं शेवटी?"

"मला काय माहीत? मी तो भाग पुढं पळवला."

"मंग पोरीला कसं माहीत असंल? येताना बघितली तिनं, मरताना नाय बघितली. तू ती बया मोकळीच सोडलीस की घरात."

पुढच्या रविवारी सिनेमा अख्खा लावायचं ठरलं. आत्यानं तो आदल्या दिवशी एकटीनं पाहून घेतला, जसा वर्गात शिकवायचा धडा आधी वाचायची तसा. मग सईला मांडीवर घेऊन बसली. "आता केस येतील बघ. मंग पोतं. लई घाण हसती ती." असं आधीच सांगायची आणि तेवढ्यापुरता आवाज कमी करायची. चित्र मात्र चालूच. भ्या कानातनं शिरतं, असं तिचं तीस वर्षांचं शास्त्र होतं. चेटकीण अखेर स्वतःच्याच पोत्यात अडकून विहिरीत बुडाली. सईनं ते बुडणं तीनदा लावायला सांगितलं. मी तोंडावर उशी धरून बसलो होतो. ती सईनंच ओढून काढली. "बाबा, मेली. बघा आता." मग ती उठली, एकटी आत गेली आणि येऊन तिनं जाहीर केलं, "पिंपात फक्त पाणी आहे."

संध्याकाळी चहा घेताना मी आत्याला म्हणालो, "तुला बरं हे सुचतं." तिनं कप खाली ठेवला.

"तुझ्यावरनंच शिकले," म्हणाली.

माझी आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. मामाकडे कुत्रीला पिल्लं झाली आहेत, असं सांगून मला आठ दिवस तिकडे धाडलं होतं. परत आलो तर आईची खाट जागेवर नव्हती, आणि सगळेजण माझ्याशी फार गोड बोलत होते… "आम्हाला वाटलं, पोराला वाचवलं," आत्या म्हणाली. "तू मात्र दोन वर्षं आठवडी बाजारात बायांचे पदर ओढून तोंडं बघत हिंडायचास. तवा कळलं, काय करून बसलो ते."

एवढं ऐकूनही माणूस शहाणा होतोच असं नाही. यंदा डॉक्टरांनी आत्याला घरी न्या म्हणून सांगितलं आणि मी पहिलं काम काय केलं, तर सईची बॅग भरली. आठ-दहा दिवस मामाकडे. पोरीनं हे सगळं कशाला बघायचं… आत्याला पलंगावरून ती बॅग दिसली. दम लागत होता, तरी तिनं विचारलंच.

"मामाकडं पिल्लं झाली व्हय रं?"

मी बॅग रिकामी केली.

मग तिनं सईला जवळ बसवून सांगितलं. थोडं थोडं, थांबत थांबत. "मी खायचं सोडंन. झोपंनच जास्ती. मंग घशात घरघर वाजंल, ते दुखल्याचं नसतंय. भ्या वाटलं तर भाईर जायचं. पर परत यायचं." शेवटच्या दुपारी सई दोनदा बाहेर गेली, असं तिनंच मला नंतर सांगितलं. दोन्ही वेळा परत आली.

त्या चेटकिणीच्या सिनेमानंतर रविवारी दुपारी गल्लीतली पोरंही आत्याच्या खोलीत सिनेमाला जमायला लागली होती, ती अजूनही जमतात. गेल्या रविवारी शेजारची चार वर्षांची चिऊ दारात थबकली. "आजी कुठंय?"

मी वाकून सुरुवात केली, "आजी ना, बेटा, लांब गावाला…" सईनं माझ्याकडे नुसतं पाहिलं.

"आजी वारली, चिऊ. मी होते तिथं."

चिऊनं रिकाम्या पलंगाकडे पाहिलं, मग सईकडे. "मग आता?"

"आता ये, माझ्या मांडीवर बस. यात एक लांडगा आहे. मी काल बघून ठेवलाय. तो यायच्या आधी सांगते तुला."

चिऊ जाऊन बसली. मीही सतरंजीवर सरकून त्यांच्या जवळ बसलो. लांडगा कधी येणार, हे मलाही आधी कळायला हवं होतं.