फक्कीचे घर

आमच्या वन्संच्या यजमानांइतकी घरे आजवर कुणीही उभारली नसतील, आणि त्यांतल्या एकाही घराला वीट लागलेली नव्हती. लातूरच्या महाविद्यालयात वास्तुरचनेचे सिद्धान्त शिकवण्यात त्यांचे आयुष्य गेले. उरलेल्या वेळात त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. सिद्धान्त एकच होता: घर भिंतींनी नव्हे, पायऱ्यांनी सुरू होते. येणाऱ्याने एका पायरीवर ऊन ठेवावे, दुसरीवर धूळ, तिसरीवर राग, आणि मग हलके होऊन आत यावे. कादंबऱ्यांतही तेच. नायक फाटकाशी येतो आणि पायऱ्या चढून उंबऱ्याशी पोचेपर्यंत तिसरे प्रकरण सुरू होते. "ह्यांच्या पुस्तकात पाहुणा दारातच म्हातारा होतो. पाणी विचारायला कुणी बाहेर येत न्हाई," असे वन्संचे मत. भावजी ते समीक्षेच्या गांभीर्याने ऐकून घेत.

नांदेडला, अर्धापूरच्या रस्त्यावर, त्यांचा प्लॉट होता. भाड्याच्या खोल्यांत संसार काढलेल्या वन्संना तिथे स्वतःचे छप्पर हवे होते. नवऱ्याकडे त्यांनी मागितले ते एवढेच. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघे आमच्याकडे उतरत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भावजी चुन्याच्या फक्कीची पाटी घेऊन प्लॉटवर घर आखत. पाया खणण्याआधी गवंडी अशाच पांढऱ्या रेघा ओढतात. पण गवंडी लगेच खणायला घेतात, भावजी त्या रेघांत राहून पाहत. आम्हालाही राहावे लागे. तापल्या मातीवर चटई अंथरून आम्ही 'दिवाणखान्यात' बसत असू. केळीच्या बागांवरून येणारा वारा ओल्या पानांचा गारवा आणी, आणि त्याच्याबरोबर फक्कीचा कोरडा, घशाला लागणारा वास. कुणी रेघ ओलांडून आले की भावजी कळवळून ओरडत, "अहो, भिंतीतून काय येता! दार आहे ना तिकडे!" दाराशी पायऱ्याही आखलेल्या असत, आणि त्या चढायच्या असत. सपाट जमिनीवर गुडघे उचलत येणारी आमची वरात पाहायला शेजारचे मळेवाले मामा बांधावर येऊन बसत. "सर, तुमच्या देवघरात म्हैस बसून राहिली की!" ते एकदा म्हणाले. म्हैस कुठल्या दाराने आत आली, एवढेच भावजींनी विचारले.

पावसाने रेघा धुऊन जात. तोवर त्या घरात भावजींना माणसे दिसू लागलेली असत. दिवाळीपर्यंत त्याची कादंबरी होई. कादंबरीत वापरलेले घर पुन्हा बांधणे त्यांना अप्रामाणिक वाटे. पुढच्या उन्हाळ्यात नवी आखणी. वन्सं नव्या स्वयंपाकघराची दिशा विचारून घेत, थर्मासमधला चहा तिथे बसून ओतत, आणि न चुकता नव्या पायऱ्या चढत.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मात्र त्या आखलेल्या पायऱ्यांपुढे थांबल्या. हातात पोह्यांचा डबा होता. पुढे सपाट भुई, तिच्यावर तीन पांढऱ्या रेघा.

"अहो, मला ह्या चढवत न्हाईत आता. गुडघे दुखून राहिलेत."

वन्संनी पदर खोचला, बाजूने वळसा घेतला आणि जवळची भिंत ओलांडून सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. मी भावजींच्या ओरडण्याची वाट पाहत होते. ते त्या भिंतीपाशी आले. वन्संच्या चपलेने तिथली रेघ फिसकटली होती. मग त्यांनी वाकून दोन्ही बाजूंची फक्की तळहाताने पुसली, दाराएवढी. पायऱ्यांवर पाय फिरवून त्याही मिटवल्या.

"मामा," त्यांनी बांधाकडे हाक दिली, "तुमच्या ओळखीत गवंडी आहे का हो?"

"हाव, हाय की! पण खरंच खणायचं का, सर?"

"पाऊस यायच्या आत."

आता तिथे घर आहे. त्याचे एकुलते दार स्वयंपाकघरात, जमिनीच्या पातळीला उघडते. येणाऱ्याच्या नाकाशी आधी फोडणी येते, मग यजमान. वन्सं ओला हात पदराला पुसत पाणी पुढे करतात. कुणालाही दारात ताटकळावे लागत नाही. भावजींनी त्यानंतर कादंबरी लिहिलेली नाही. विचारले तर म्हणतात, "आत आल्यावर पुढे काय लिहायचे?" त्यांच्या स्वरात तक्रार नसते.

परवा संध्याकाळी मी त्यांच्याबरोबरच फिरून परतत होते. दाराशी येताच त्यांचा पाय सवयीने वर उचलला गेला आणि क्षणभर हवेत राहिला.

"अहो, सपाट आहे," आतून वन्सं म्हणाल्या.

"माहीत आहे," भावजी म्हणाले, आणि तो पाय त्यांनी फार सावकाश खाली ठेवला.